घरातल्याच पटावर जुनं शतरंज: मांडणी, चाली आणि सोबत सांगायचा इतिहास

सांगलीत बुद्धिबळाचा पट शोधावा लागत नाही. नूतन बुद्धिबळ मंडळ आणि भाऊसाहेब पडसलगीकरांमुळे इथल्या तीन पिढ्यांतल्या मुलांना शह म्हणजे काय ते शाळेत जायच्या आधीच कळतं. पण मे महिन्याच्या शिबिरात ‘बुद्धिबळ भारतात जन्मलं’ एवढं एक वाक्य सांगून गाडी थेट ई४-ई५ या आजच्या सुरुवातीच्या चालींवर जाते. मधली हजार वर्षं कुणी दाखवत नाही. ती दाखवायला चित्रं किंवा भाषण फारसं उपयोगी पडत नाही, तो जुना डाव खेळावा लागतो. नेहमीच्याच पटावर, नेहमीच्याच सोंगट्यांनी, सात-आठ नियम बदलले की एका दुपारीत हे जमतं. शिबिर घेणाऱ्यांसाठी, शाळेतल्या शिक्षकांसाठी आणि घरी दोघांनी बसून खेळून बघणाऱ्यांसाठी त्याची कृती पुढे दिली आहे.

कोणता जुना डाव घ्यायचा

जुनं म्हणजे किती जुनं, हे आधी ठरवा. ‘चतुरंग’ हा सर्वांत आधीचा. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगं आठ बाय आठच्या पटावर. सातव्या शतकात, हर्षवर्धनाच्या काळात (इ. स. ६०६ ते ६४७), बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त ‘अष्टापदानां चतुरङ्गकल्पना’ असे शब्द येतात. या राजाच्या राज्यात ‘चतुरंगकल्पना’, म्हणजे हातपाय तोडणं, माणसांच्या वाट्याला येत नाही, ती फक्त अष्टापदाच्या, म्हणजे आठ बाय आठ घरांच्या, पटावर होते, असा तो श्लेष आहे. ज्या अर्थी श्लेष वाचणाऱ्याला कळत होता, त्या अर्थी दरबारी मंडळींना खेळ ठाऊक होता. मात्र त्या काळच्या चाली एकसलग लिहिलेल्या नाहीत, तुकड्यातुकड्यांनी मिळतात. त्यामुळे ‘अस्सल चतुरंग’ खेळवतो असं कुणी म्हणालं तर त्यात बराचसा भाग त्याच्या पदरचा असतो.

म्हणून खेळायला घ्यायचं ते ‘शतरंज’. हाच डाव इराणमार्गे अरबांकडे गेला आणि नवव्या-दहाव्या शतकात बगदादमध्ये त्यावर ग्रंथ लिहिले गेले. अल-अदली, अर-राझी, अस-सूली ही त्यातली मोठी नावं. चाली, सुरुवातीच्या मांडण्या, कोडी, सोंगट्यांच्या किमती असं सगळं त्यांनी लिहून ठेवलं. नियम पक्के असल्यामुळे वाद होत नाहीत आणि मुलांसमोर अंदाजाने काही सांगावं लागत नाही.

पट

घाई असेल तर नेहमीचा काळा-पांढरा पट घ्या आणि पुढच्या भागावर जा. पण अष्टापदाचा पट करून बघण्यासारखा आहे. त्याला दोन रंगांची घरं नव्हती. सगळी घरं एकाच रंगाची, फक्त रेघा, आणि ठरावीक घरांत फुल्या. अष्टापद मुळात फाशांच्या शर्यतीचा पट होता, त्या फुल्या त्याच्याकडून वारशाने आल्या आणि बुद्धिबळात काही काम नसतानाही आपल्याकडच्या कापडी पटांवर शेकडो वर्षं टिकल्या.

कापडपेठेतून अर्धा-पाऊण मीटर मांजरपाट आणा. आधी तो साध्या पाण्यात रात्रभर भिजवून, धुऊन, इस्त्री करून घ्या. कोऱ्या कापडात खळ असते आणि धुतल्यावर कापड आटतं. रेघा मारून झाल्यावर धुतलंत तर घरं चौकोनी राहत नाहीत, उभ्या आणि आडव्या धाग्यांत आटण्याचं प्रमाण वेगळं असतं. धुतलेल्या कापडातून ५२ सेंटीमीटरचा चौरस कापा. चारी बाजूंनी २ सेंटीमीटर दुमडून शिवण घाला. उरलेल्या ४८ मधले ४ सेंटीमीटर दोन्हीकडे काठ, मध्ये ४० चा चौरस, म्हणजे ५ सेंटीमीटरची आठ घरं.

रेघा मारण्याआधी कापड लाकडी फळीवर किंवा जाड पुठ्ठ्यावर टाचण्यांनी ताणून बसवा. आधी फक्त बाहेरचा चौरस आखा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ५६.५ सेंटीमीटरच्या आसपास आले तर चौकोन सरळ आहे. दोघांत अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर टाचण्या काढून पुन्हा ताणा, कारण हा फरक आतल्या प्रत्येक रेघेत उतरतो. मग दोन्हीकडे नऊ-नऊ रेघा. कापडावरच्या रंगाचं पेन किंवा बारीक ब्रश चालतो. हळदीचं गाव म्हणून काठ हळदीने रंगवायचा मोह होईल. उन्हात तो रंग उडतो आणि साबण लागला की तांबडा पडतो, तेव्हा हळद नकोच, गेरू बरा.

फुल्या सोळा. उभ्या पट्ट्यांना डावीकडून ए ते एच आणि आडव्या पट्ट्यांना खालून १ ते ८ म्हणायचं. ए, डी, ई आणि एच या चार उभ्या पट्ट्या पहिल्या, चौथ्या, पाचव्या आणि आठव्या आडव्या पट्टीला जिथे छेदतात ती घरं. म्हणजे चार कोपरे, चारी कडांच्या मधल्या दोन-दोन जागा आणि पटाच्या मध्यातली चार घरं. फुली घराच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मारा. या फुल्यांचा आज एक फायदा होतो: बिनरंगी पटावर नजर चुकते, तेव्हा मधल्या चार फुल्यांवरून घर मोजता येतं.

सोंगट्या

आपल्याकडे कोपऱ्यातल्या सोंगटीला हत्ती म्हणतात आणि घोड्याशेजारच्या सोंगटीला उंट. जुन्या डावात हत्ती उंटाच्या जागी होता आणि कोपऱ्यात रथ. मुलं इथे हमखास घोळ घालतात. ‘हत्ती दोन घरं तिरपा उडतो’ असं सांगितलं की कोपऱ्यातली सोंगटी उचलतात. म्हणून डावापुरती फारसी-अरबी नावं वापरा: शाह (राजा), फर्झीन (वजीर), फील (उंटाच्या जागचा), फरस (घोडा), रुख (कोपऱ्यातला), बैदक (प्यादं). पहिल्या दिवशी फीलच्या डोक्यावर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून ठेवा, निम्मे गोंधळ तिथेच मिटतात.

हाताने करायच्या असतील तर शाडू चांगला. गणपतीच्या हंगामात कुंभारवाड्यात सहज मिळतो. बत्तीस सोंगट्यांना मळलेला दीड किलो शाडू पुरतो, थोडा उरतो. इस्लामी जगात प्रचलित झालेले आकार अगदी साधे आहेत, हातकाम बेताचं असणाऱ्यालाही जमतात. शाह म्हणजे पाठ असलेल्या बैठकीसारखा ठोकळा, उंची ५ सेंटीमीटर, बूड साडेतीन. फर्झीन तसाच, पण एक सेंटीमीटरने बुटका. फील म्हणजे गोल माथ्याचा दंडगोल आणि पुढे काढलेले दोन बारके उंचवटे, ते सुळे. फरस तसाच, पण उंचवटा एकच. रुखच्या माथ्यावर सुरीने इंग्रजी व्हीसारखी खाच. बैदक म्हणजे अडीच सेंटीमीटरची नुसती घुमटी.

सुळे आणि उंचवटे वेगळे करून चिकटवू नका, वाळताना गळून पडतात. अंगातूनच चिमटीने ओढून काढा. सोंगट्या सावलीत, रद्दीवर ठेवून चार-पाच दिवस वाळवा आणि रोज फिरवा. उन्हात ठेवल्या की वरचा थर आधी आटतो, आतला ओला राहतो आणि बुडापासून माथ्यापर्यंत चीर जाते. शाह आणि फर्झीन जाड असल्यामुळे त्यांना ही खोड जास्त, त्यांच्या बुडातून पेन्सिलीने दोन सेंटीमीटर खोल भोक पाडून ठेवा. वाळल्यावर एका बाजूला गेरू, दुसरी बाजू तशीच. शाडू भाजलेला नसतो, फरशीवर पडला की तुकडेच. कायमचा संच हवा असेल तर सरळ कातारी गाठा आणि हे आकार सागवानात कातून घ्या.

असे निराकार मोहरे सगळीकडे, सगळ्या काळात होते असं मात्र मुलांना सांगू नका. समरकंदजवळच्या अफ्रासियाब इथे १९७७ साली हस्तिदंताच्या सात सोंगट्या सापडल्या. त्या आठव्या शतकाच्या आसपासच्या मानल्या जातात आणि त्यांच्यात घोडे, स्वार, हत्ती स्पष्ट कोरलेले आहेत. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर १८३१ मध्ये सापडलेल्या बाराव्या शतकातल्या मोहऱ्यांत तर राजा-राणीचे चेहरे आहेत. राणी गालावर हात ठेवून बसली आहे.

मांडणी आणि चाली

मांडणी ओळखीचीच. पहिल्या पट्टीत रुख, फरस, फील, फर्झीन, शाह, फील, फरस, रुख. दुसरीत आठ बैदक. दोन्ही शाह समोरासमोर ई पट्टीत, दोन्ही फर्झीन डी पट्टीत. पांढऱ्या-काळ्या पटावर खेळत असाल तर वजीर आपल्या रंगावर बसतो ते तसंच राहतं.

शाह आजच्यासारखाच, कुठेही एक घर. फरस अडीच घरं. रुख सरळ, हवा तितका. या तीन चाली तेराशे-चौदाशे वर्षांत हलल्या नाहीत, म्हणून त्यांवर वेळ घालवू नका.

बैदक एकच घर पुढे. पहिल्या चालीलाही दोन घरं नाहीत, त्यामुळे वाटेतलं प्यादं मारण्याचा नियमही नाही. मारतं तिरपं. शेवटच्या पट्टीत पोचलं की फक्त फर्झीन होतं, दुसरं काही नाही. किल्लेकोट (राजा आणि कोपऱ्यातली सोंगटी एकाच चालीत हलवणं) नाही.

फर्झीन तिरपं एक घर, बस्स. आजचा वजीर डोक्यात ठेवून बसलेल्या मुलाला हे पचायला सगळ्यांत जड जातं. डावाच्या सुरुवातीला तर तो जागचा हलूच शकत नाही, कारण सी२ आणि ई२ या दोन्ही घरांत आपलीच प्यादी असतात. शिवाय तो जन्मभर एकाच रंगाच्या घरांवर फिरतो. डी१ पांढरं, डी८ काळं, म्हणून दोन मूळ फर्झीन एकमेकांना कधीही मारू शकत नाहीत.

फील बरोबर दोन घरं तिरपा, मधल्या घरात कुणीही असलं तरी त्यावरून उडी मारून. एक घर नाही, तीन घरं नाहीत. शेजारच्या तिरप्या घरात शत्रू उभा असला तरी फील त्याला हात लावू शकत नाही. कागदावर एक पट काढून मुलांना सी१ वरच्या फीलची पोचायची घरं रंगवायला सांगा. सी१, जी१, ए३, ई३, सी५, जी५, ए७, ई७. आठच. चौसष्टांपैकी आठ! एफ१ वाल्याची आठ वेगळी, समोरच्या दोघांची आणखी वेगळी. चारी फील मिळून बत्तीस घरं, आणि कुणाचंही घर दुसऱ्याच्या वाट्याला येत नाही, म्हणजे फील फीलला कधी भिडतच नाही. हा दहा मिनिटांचा उद्योग चुकवू नका. फीलची किंमत इतकी कमी का, आणि पुढे युरोपात नेमक्या फर्झीन आणि फील याच दोन सोंगट्यांच्या चाली का बदलल्या, हे त्यातून आपोआप उमगतं.

किमतींचा हिशोब बगदादवाले दिरहममध्ये करत. रुख एक दिरहम धरला तर फरस दोन तृतीयांश, फर्झीन साधारण एक तृतीयांश, फील पाव, मधलं बैदकही पावच. फील आणि मधलं प्यादं एका भावात! कडेची प्यादी आणखी स्वस्त. हा तक्ता फळ्यावर लिहून ठेवा, नाहीतर मुलं सवयीने फीलसाठी फरस देऊन बसतात.

जिंकायचं कसं

इथे तीन वाटा आहेत आणि दोन आजच्यापेक्षा वेगळ्या. पहिली शहमात, ती आहेच. दुसरी कुजी. समोरच्याला शह नाही पण चालही नाही, तर आज डाव बरोबरीत सुटतो. शतरंजात कुजी झालेला हरतो. तिसरी म्हणजे समोरच्याचं सगळं सैन्य मारून शाहला एकटं पाडणं. असं केलं की डाव तिथेच जिंकला. याला एकच अपवाद: लगेच पुढच्या चालीत त्याने तुमचीही शेवटची सोंगटी मारून तुमचा शाह एकटा पाडला तर बरोबरी.

या तिसऱ्या वाटेमुळे डावाचा शेवट पार बदलतो. आजच्या सवयीचा खेळाडू मारामारी करत करत एका प्याद्यावर येतो आणि ‘राजा पुढे आणून वाचवतो’ म्हणून निवांत असतो. ते प्यादं पडलं की डाव गेला. दोन्हीकडे तीन-चार सोंगट्या उरल्या की शहमात शोधण्याआधी मोजदाद करा: कुणाची शेवटची सोंगटी आधी पडेल? आपली एकुलती एक सोंगटी शाहच्या शेजारी, त्याच्या जोरात (म्हणजे संरक्षणात) ठेवा. रुख उरला असेल तर तो दूरवर नेऊन शह देत बसण्यात फायदा कमी. त्यापेक्षा समोरच्याच्या बिनजोर प्याद्यांवर घाला.

सुरुवात रेंगाळते, त्यावर उपाय

प्यादी एकेक घर चालतात, फर्झीन-फील लुळे, त्यामुळे पहिल्या बारा-पंधरा चालींत दोन्ही फौजांची गाठच पडत नाही. मुलं कंटाळतात ती इथेच. जुन्या खेळाडूंनी यावर ‘तबिया’ काढल्या होत्या, म्हणजे ठरलेल्या सुरुवातीच्या मांडण्या. मुजन्नह, सय्याल अशी त्यांना नावं होती. समोरचा काय करतोय याची फार फिकीर न करता प्रत्येक जण आपली तबिया उभी करायचा आणि खरी लढाई नंतर.

शिबिरात हेच करा. दोन्ही बाजूंना दहा-दहा चाली द्या, कुणीही आपल्या चौथ्या पट्टीपलीकडे जायचं नाही, कुणी कुणाला मारायचं नाही. पांढऱ्यासाठी एक सोपी मांडणी अशी: ई२ चं प्यादं ई३ आणि मग ई४, डी२ चं डी३, घोडे एफ३ आणि सी३ वर, सी१ चा फील ई३ वर, फर्झीन ई२ वर, एफ१ चा फील जी२ च्या प्याद्यावरून उडून एच३ वर, एच१ चा रुख एफ१ वर, ए१ चा रुख डी१ वर. मोजून दहा.

यात क्रम चुकवायचा नाही. ई३ वर प्यादं असताना फील ई३ वर येऊ शकत नाही, आणि प्यादं ई२ वरच असताना फील ई३ वर आणलात तर प्यादं त्याच्यामागे कोंडतं, त्याच्याबरोबर फर्झीनचीही वाट बंद. आधी प्यादं ई४ वर, मगच फील. फर्झीन ई२ वर आला की डी३ चं प्यादं आणि एफ३ चा घोडा दोन्हींना जोर देतो. फर्झीनचं खरं काम हेच, प्याद्यांच्या मागे राहून त्यांना जोर देणं. त्याला एकटा पुढे धाडलात तर परत यायला तितक्याच चाली लागतात.

घड्याळ लावणार असाल तर प्रत्येकी ४५ मिनिटं ठेवा. पंधरा मिनिटांच्या जलद डावात शतरंज नुसतं सुरुवातीतच संपतं.

एक कोडं, पटावर मांडून

डाव मांडण्याआधी हे एक कोडं सोडवून घ्या, फीलची उडी डोक्यात पक्की बसते. अरब ग्रंथांत कोड्यांना ‘मन्सूबा’ म्हणत. त्यांतलं ‘दिलाराम’ सर्वांत गाजलेलं. पणात बायकोच लावलेल्या खेळाडूला तीच कानात सांगते की दोन्ही रुख दे, पण मला वाचव. गोष्ट रचलेली आहे, पण कोडं अस्सल आहे. त्याच कल्पनेवरची ही मांडणी:

पांढरे: शाह डी१, रुख एच१ आणि एच४, फील एच३, फरस जी४, बैदक एफ६ आणि जी६. काळे: शाह जी८, रुख ए२ आणि बी८.

चाल पांढऱ्याची. काळा पुढच्याच चालीत रुख बी१ वर आणून मात करणार आहे, म्हणून प्रत्येक चाल शह देणारी हवी. पहिली चाल, रुख एच४ वरून एच८, शह. शाहला तो मारावाच लागतो, कारण एफ७, एच७, जी७ ही घरं दोन प्याद्यांनी रोखलेली आणि एफ८ रुखच्या माऱ्यात. दुसरी चाल, फील एच३ वरून एफ५. मध्ये जी४ वर आपलाच घोडा उभा आहे, त्याच्यावरून उडी. फील बाजूला झाला आणि एच१ च्या रुखचा शह उघडला. काळा शाह जी८ वर परततो. तिसरी, दुसरा रुखही एच८ वर, शह. पुन्हा मारावाच लागतो. चौथी, प्यादं जी७, शह. शाह एच७ वर जाऊ शकत नाही, कारण एफ५ चा फील जी६ चं घर ओलांडून थेट एच७ वर मारा करतो. जी७ च्या प्याद्याला एफ६ चा जोर. म्हणून जी८. पाचवी, घोडा एच६. मात. दुसऱ्या चालीनंतर काळ्याने ए२ चा रुख मध्ये एच२ वर घातला तर पांढरा तो मारून शह देतो आणि बाकी सगळं तसंच, फक्त एक चाल वाढते.

आता तीच मांडणी आजच्या उंटाने करून बघायला लावा. एच३ वरून तो एफ५ वर जाऊच शकत नाही, जी४ चा घोडा आडवा येतो. ही उकल तिथेच कोसळते.

सोबतचा प्रवास नकाशावर

भिंतीवर जगाचा नकाशा आणि टाचण्या पुरेत. पहिली टाचणी गंगेच्या खोऱ्यात, कनौजला. दुसरी इराणात. पहलवी भाषेतल्या एका छोट्या ग्रंथात हिंदच्या राजाने खुस्रो अनुशिरवानकडे (५३१ ते ५७९) हा खेळ कोडं म्हणून पाठवला आणि बुझुर्गमिहर या वजिराने ते उलगडलं, अशी कथा आहे. फिर्दौसीच्या शाहनाम्यातही ती येते. कथा म्हणूनच सांगा. पण तिच्यातली एक गोष्ट पक्की आहे: इराणी लोक स्वतःच हा खेळ हिंदुस्थानातून आला असं सांगत होते. ‘शह’ आणि ‘मात’ हे शब्द आपल्याकडे तिकडूनच परत आले.

सातव्या शतकाच्या मध्यात अरबांनी सासानी इराण जिंकला आणि तिसरी टाचणी बगदादला गेली. खलिफा अल-मुक्तफीच्या दरबारात (९०२ ते ९०८) अस-सूलीने तिथल्या अल-मावर्दी या नावाजलेल्या खेळाडूला हरवलं. तिथून स्पेन आणि सिसिलीमार्गे युरोप. स्वित्झर्लंडमधल्या आइन्झीडेल्न मठातलं, इ. स. १००० च्या आसपासचं एक लॅटिन काव्य खेळाचे नियम सांगतं, आणि त्यात वजिराच्या जागी राणी बसलेली आहे. चाल मात्र तीच, तिरपं एक घर. राणीला आजची ताकद मिळायला आणखी पाचशे वर्षं गेली. १४७५ च्या आसपास स्पेनमध्ये व्हॅलेन्सियात ही चाल दिसते, आणि १४९७ साली सालामांका इथे छापलेल्या लुसेनाच्या पुस्तकात जुने आणि नवे असे दोन्ही प्रकारचे डाव शेजारीशेजारी आहेत. उंटाची लांब चालही याच बदलातली.

पूर्वेकडची टाचणी विसरू नका. थायलंडच्या ‘मकरुक’मध्ये आणि ब्रह्मदेशाच्या ‘सित्तुयिन’मध्ये हत्तीची सोंगटी चार तिरप्या दिशांना आणि सरळ पुढे, एकेक घर चालते. अल-बिरुनीने १०३० च्या सुमारास हिंदुस्थानातल्या हत्तीची हीच चाल लिहिली आहे, चार पाय आणि एक सोंड! शतरंजचा एखादा डाव झाल्यावर दुसऱ्या डावात फीलला ही चाल देऊन बघा. सोंगटी एकदम कामाची होते.

आपल्या मुलखाजवळची टाचणी हवी असेल तर कल्याणीला लावा. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या करमणुकींमध्ये चतुरंग आहे.

रावणासाठी मंदोदरीने खेळ काढला, पांडव बुद्धिबळात हरले, असल्या गोष्टी टाळा. पांडव फाशांच्या द्यूतात हरले आणि मंदोदरीच्या गोष्टीला कुठलाही जुना आधार नाही. दाण्यांची गोष्ट मात्र खुशाल सांगा, दंतकथा असं आधी बजावून. इब्न खल्लिकानने तेराव्या शतकात ती लिहिली आहे: पहिल्या घरात एक दाणा, पुढच्या प्रत्येक घरात दुप्पट. नुसती सांगू नका, शाळू घेऊन करा. शाळूचे हजार दाणे साधारण ३० ते ३५ ग्रॅम भरतात. आठव्या घरापर्यंत मोजून ठेवता येतात (आठव्यात १२८), नंतर तराजू घ्या. सोळा घरांचे मिळून ६५,५३५ दाणे, म्हणजे दोन किलोच्या जरासे वर, एवढा शाळू पुरतो. एकविसाव्या एका घरालाच तीस-पस्तीस किलो, बत्तिसाव्याला सत्तरेक टन. तिथे पट अर्धा झालेला असतो. चौसष्ट घरांची बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ एवढी. ती फळ्यावर मुलांकडूनच लिहून घ्या, स्वल्पविराम कुठे द्यायचे यावर पाच मिनिटं जातात.

देशी डाव, जाता जाता

सांगली-सातारा भागातल्या जुन्या वाड्यांत एखादे आजोबा भेटले तर त्यांना ‘देशी डाव’ विचारा. त्यात वजीर-उंट आजच्यासारखेच धावतात, पण प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी शह बसला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी. प्यादं ज्या पट्टीत शेवटाला पोचेल त्या पट्टीची सोंगटी होतं, घोड्याच्या पट्टीत घोडा, उंटाच्या पट्टीत उंट. प्याद्याने केलेली मात, प्यादेमात, सगळ्यांत मानाची. गावागणिक यात थोडेफार फरक असतात, म्हणून बसण्याआधी नियम तोंडी पक्के करून घ्या. राजाची उडी आणि प्याद्याची बढती, या दोन्हींवरून भांडणं होतात. तीन वेळा ब्रिटिश विजेता ठरलेला (१९२९, १९३२, १९३३) पंजाबचा मीर सुलतान खान अशाच देशी नियमांवर वाढला होता आणि युरोपी नियम त्याने नंतर शिकले.

शिबिराचा क्रम लावायचा तर फीलची घरं रंगवणं, दिलारामचं कोडं, तबिया आणि डाव, मग नकाशा. नकाशा आधी लावला की मुलं खिडकीबाहेर बघतात. डाव झाल्यावर मात्र ‘राणीची चाल कुणी बदलली?’ हे तीच विचारतात. दोन फर्झीन एकाच रंगावर करून बसलेला मुलगा तर हमखास. त्याला ए८, सी८, ई८, जी८ ही पांढरी घरं आणि बी८, डी८, एफ८, एच८ ही काळी, हे पटावर दाखवा. पुढचं प्यादं कोणत्या पट्टीतून न्यायचं ते तो स्वतःच ठरवतो.